खंडन करायला निघालेले शास्त्री

1839 साली कलकत्त्याला एक लहानसं संस्कृत पुस्तक छापून निघालं. नाव ‘मतपरीक्षा’. लिहिणारा जॉन म्यूर, ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला स्कॉटिश अंमलदार. गुरुशिष्यांचा संवाद, छंद अनुष्टुभ, विषय मात्र एकच, की खरा धर्म कोणता ते कसं ओळखायचं? म्यूरनं त्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या. धर्मसंस्थापकानं साक्षीदारांदेखत चमत्कार केलेले असावेत, त्याचं शास्त्र पवित्र असावं आणि ते साऱ्या मानवजातीसाठी असावं. या तिन्हींवर ख्रिस्ती धर्म उतरतो आणि हिंदू धर्म उतरत नाही, असं त्यातला गुरू शिष्याला पटवतो. शिष्यही फार आढेवेढे न घेता पटवून घेतो. कागदावरचे शिष्य असतातच तसे.

जिवंत पंडितांचं तसं नव्हतं. पुढच्या पाचसहा वर्षांत या पुस्तकाला तीन संस्कृत उत्तरं आली. पहिलं सोमनाथ या नावानं लिहिलेलं. हा सोमनाथ म्हणजे सीहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू, असं अभ्यासक मानतात. दुसरं बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचं, चांगलं तिखट. तिसरं काशीच्या एका विशीतल्या मराठी तरुणाचं. त्याचं नाव नीळकंठ गोरे, ग्रंथाचं नाव ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. तिघांनी पुस्तक तेच वाचलं आणि तिघांनीही त्याचा प्रतिवाद केला. सुबाजी बापू तर असे गृहस्थ, की पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे युरोपी ज्योतिष त्यांनी मान्य केलं, त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं, पण म्यूरच्या धर्माला हात जोडून नकार दिला. हरचंद्रही हलले नाहीत. हलले ते एकटे नीळकंठ गोरे. 14 मार्च 1848 रोजी त्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि नीळकंठाच्या आधी नेहेम्या हे नाव लागलं.

ख्रिस्ती मंडळींमध्ये ‘साक्ष’ सांगण्याची रीत आहे. मी आधी कसा होतो, प्रभूनं मला कसं गाठलं, आता मी कसा आहे, या क्रमानं ती सांगितली जाते. विरोधकाची साक्ष तर विशेष गाजते. पण गोऱ्यांची गोष्ट त्या साच्यात धड बसत नाही, आणि विरोधक श्रद्धावंत होतो म्हणजे नेमकं काय होतं हे पाहायला ती मला म्हणूनच जास्त उपयोगाची वाटते.

गोरे घराणं कोकणातलं, चित्पावन. बुंदेलखंडात संस्थानी नोकऱ्यांच्या निमित्तानं उत्तरेकडे गेलेलं आणि पुढे काशीत स्थिरावलेलं. नीळकंठांचा जन्म 1825 सालचा, झाशीजवळच्या एका खेड्यातला. वडील शिवरामपंत, घर खाऊनपिऊन सुखी. त्यामुळे पोटासाठी धर्म सोडला, ही अशा वेळी हमखास ऐकू येणारी कुजबुज इथे लागू पडत नाही. मुलाचं शिक्षण व्याकरण आणि न्यायशास्त्राचं, तेही काशीत. शैव घरात वाढलेला हा मुलगा स्वतःच्या विचारानं विष्णुभक्तीकडे वळला होता. जे मानायचं ते पारखून मानायचं, ही खोड ख्रिस्ती धर्माशी गाठ पडण्याआधीच लागलेली होती.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त त्यांनी ख्रिस्ती मतावर घेतलेले आक्षेप आजही वाचण्यासारखे आहेत. नुकतंच जन्मलेलं मूल वेदनेनं तळमळतं. त्यानं काय पाप केलं? हिंदू शास्त्राकडे उत्तर आहे, ते म्हणजे पूर्वजन्मीचं कर्म. ख्रिस्ती मतात पूर्वजन्म नाही, म्हणजे देवानं निरपराध जिवाला दुःख दिलं असं म्हणावं लागतं. जनावरांचंही तेच. त्यांना पाप नाही, पुण्य नाही आणि तुमच्या मते स्वर्गही नाही, मग त्यांच्या वाट्याला हाल कशासाठी? आणि सर्वांत जड आक्षेप नरकाचा. माणसाचं आयुष्य साठसत्तर वर्षांचं, त्यातली पापं मोजकी, आणि शिक्षा मात्र कधीच न संपणारी? असा न्याय करणाऱ्याला दयाळू कसं म्हणायचं? याखेरीज त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. निव्वळ तर्कानं धर्माचा निकाल लागत नाही. शास्त्रावर श्रद्धा आधी, तर्क तिच्या मागून येणार. म्यूरच्या कसोट्यांच्या मुळावरच हा घाव होता.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या पाठातच चर्चेचे तीन प्रकार शिकवतात. सत्य काय ते ठरवण्यासाठी दोन्ही बाजू बोलतात तो वाद. काही करून जिंकायचंच म्हणून बोलणं हा जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडून काढायची ती वितंडा. धर्माच्या भांडणात पहिला प्रकार क्वचितच आढळतो. त्या काळातली मुंबईची उदाहरणं घ्या. 1830च्या सुमारास मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्यात जाहीर चर्चा झडल्या, दोन्हीकडून पुस्तकं निघाली. पुढे 1857 साली मुंबईच्या चौपाटीवर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि पाद्री यांचे वाद ऐकायला गर्दी लोटे. त्यातून कुणी कुणाला पटवलं असं दिसत नाही. श्रोत्यांपुढे बोलताना माणूस आपल्या बाजूला आणखी घट्ट चिकटतो. आज टीव्हीवर रोज रात्री जे चालतं ते पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

गोऱ्यांचीही सुरुवात जल्पानंच झाली. काशीत चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ नावाचे पाद्री होते. 1832 पासून ते तिथे प्रचार करत. त्यांना गप्प करावं या हेतूनं तरुण नीळकंठ त्यांच्याकडे गेले. स्मिथ काही मोठे विद्वान नव्हते आणि न्यायशास्त्रातल्या मुलाला तर्कात धरून ठेवण्याची त्यांची ऐपतही नव्हती. पण त्यांच्या दोन गोष्टी कामाला आल्या. ते चिडत नसत, आणि त्यांनी वाचायला पुस्तक दिलं.

इथे जरा थांबू, कारण माझ्या मते कळीचा भाग हाच आहे. एखाद्या मताशी ज्याला देणंघेणं नाही तो ते मत कधी वाचत नाही. त्याला त्याचं नाव माहीत असतं आणि चार ऐकीव गोष्टी. ज्याला खंडन करायचं असतं त्याला मात्र वाचावं लागतं, तेही ओळ न् ओळ, कुठे फट सापडते ते पाहत. शास्त्र्यांच्या शिस्तीत तर पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, त्याच्या तोंडात शोभेल अशी मांडल्याशिवाय उत्तरपक्ष सुरूच करता येत नाही. प्रामाणिक विरोधकाला काही काळ का होईना, परक्याच्या घरात जाऊन राहावं लागतं. बहुतेक जण काम आटोपून परत येतात. सुबाजी बापू आले, हरचंद्र आले. गोऱ्यांना मात्र त्या वाचनात एक जागा अशी भेटली जिच्यावर त्यांना आक्षेप सुचेना. ती जागा म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरील प्रवचन.

चमत्कार, भविष्यकथनं, त्रैक्य या सगळ्याशी झुंजायला त्यांच्याकडे हत्यारं होती. पण शत्रूवर प्रीती करा, मनातला कामविकार हाही व्यभिचारच आणि मनातला राग ही हत्येचीच सुरुवात, या सांगण्याशी भांडायचं कसं? हे तत्त्वज्ञान नव्हतं, ही उलटतपासणी होती, आणि पिंजऱ्यात म्यूर किंवा स्मिथ नव्हते, स्वतः नीळकंठ होते. कर्मसिद्धांतात पाप हा एक हिशेब असतो. केलं तितकं भोगायचं, या जन्मी नाही तर पुढच्या. न्याय म्हणून तो चोख आहे, आणि गोऱ्यांनी त्याच चोखपणाच्या जोरावर ख्रिस्ती देवाला अन्यायी ठरवलं होतं. पण ज्याला स्वतःच्या मनाचा तळ दिसला त्याला हिशेब चोख असल्याचा दिलासा वाटत नाही, धास्ती वाटते. ख्रिस्ती धर्म इथे कृपेची भाषा बोलतो. देणं फेडायची तुझी ताकद नाही, ते दुसऱ्यानं फेडलं आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ही पळवाट वाटते. आत असलेल्याला तीच सुटका वाटते. विरोधक जेव्हा श्रद्धावंत होतो तेव्हा हीच एक गोष्ट त्याला बाहेरून न दिसता आतून दिसू लागते, आणि जुने आक्षेप खोडले न जाताही मागे पडतात.

एक सावधगिरी बाळगायला हवी. या काळाची पुष्कळशी हकिगत आपल्याला स्मिथसाहेबांकडूनच मिळते. 1850 साली त्यांनी या धर्मांतरावर पुस्तकच लिहून विलायतेत छापवलं. काशीचा ब्राह्मण पंडित मिळाला ही मिशनच्या दृष्टीनं मोठी कमाई होती, आणि कमाईची गोष्ट सांगताना हात थोडा सैल सुटतोच. पण गोऱ्यांचं स्वतःचं पुढचं लेखन त्या हकिगतीशी जुळतं. हिंदू दर्शनांविरुद्ध त्यांची पुढची मुख्य तक्रार हीच राहिली, की त्यांत पापाची खरी जाणीव नाही.

ख्रिस्ती परंपरेत या सगळ्याचा मूळ नमुना म्हणजे तार्सचा शौल, पुढचा पौल. स्तेफनाला दगडांनी ठेचून मारताना मारेकऱ्यांनी आपले अंगरखे त्याच्या पायाशी ठेवले होते. येशूच्या अनुयायांना धरायला तो दिमिष्काला निघाला, वाटेत प्रकाश, वाणी, तीन दिवसांचं आंधळेपण. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ही कथा तीनदा येते. सगळे त्या प्रकाशाबद्दल बोलतात. मला त्यानंतरचा भाग जास्त खरा वाटतो. दिमिष्कातल्या हनन्याला त्याच्याकडे जा असं सांगितलं जातं तेव्हा तो आधी कां-कूं करतो, कारण या माणसाची ख्याती त्यानं ऐकलेली असते. यरुशलेमातले शिष्य तर त्याला जवळ करायलाच घाबरतात. शेवटी बर्णबा मध्ये पडून त्याच्यासाठी शब्द टाकतो. विरोधक बदलला यावर सर्वांत शेवटी विश्वास बसतो तो ज्यांच्याकडे तो आला त्यांचाच. आणि शौलही काही रिकाम्या हातानं आला नव्हता. गमलियेलाच्या हाताखाली शिकलेला परूशी तो. शास्त्र मुखोद्गत होतं म्हणून तर विरोध इतका कडवा होता, आणि पुढे पत्रं लिहिताना तेच शास्त्र त्यानं उलट बाजूनं वापरलं.

गोऱ्यांनीही तेच केलं. 1860 साली त्यांचं हिंदीतलं ‘षड्दर्शन दर्पण’ निघालं. सहा दर्शनांची तपासणी ख्रिस्ती बाजूनं, पण पद्धत सगळी काशीच्या पाठशाळेतली, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, हेत्वाभास. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञानं त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. म्यूरच्या संस्कृत पद्यांपेक्षा हे प्रकरण पंडितांना कितीतरी जड गेलं असणार, कारण हा माणूस त्यांच्याच आखाड्यातला होता.

या बदलाची किंमत आज नीट कल्पनेत येत नाही. बाप्तिस्मा काशीला न घेता जौनपूरला घेतला, कारण काशीत गोंधळ माजला असता. धर्म बदलला तरी वारसाहक्क बुडू नये असा कायदा कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी 1850 साली झाला, पण कायद्यानं पंगत परत मिळत नाही. जातीबाहेर गेलेल्याच्या नावानं घट फोडून त्याला मेलेला समजण्याची रीत होती. बायकोला तिच्या माणसांकडून आपल्याजवळ आणायलाच त्यांना पुष्कळ खटपट करावी लागली. 1853 साली त्यांना मुलगी झाली आणि बायको, लक्ष्मीबाई, थोड्याच दिवसांत गेल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी गोरे, परक्या घरांत वाढली, इंग्लंडला गेली, इंग्रजीत भक्तिगीतं लिहून नावारूपाला आली आणि परत येऊन तिनं हिंदुस्थानात मिशनचं काम केलं. वडिलांनी मात्र तिला फार थोडे दिवस सांभाळलं. नेहेम्या गोऱ्यांच्या चरित्रातली ही बाजू ख्रिस्ती लेखक जरा भरभर उरकतात.

1854 साली ते महाराजा दुलीपसिंहांबरोबर इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरची आणि त्यांची गाठ पडली, ती म्युलरनं उतारवयात आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. हा काशीचा पंडित थंडीनं काकडत होता आणि त्याहून जास्त खचलेला होता. बायबलमध्ये वाचलेला ख्रिस्त शोधत तो ख्रिस्ती देशात आला होता, आणि लंडनमध्ये त्याला दिसला बाजार. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर मी ख्रिस्ती नाही, अशा अर्थाचं तो बोलला. एखाद्याचा धर्म मिशनऱ्यांच्या जोरावर उभा असता तर तो तिथेच कोसळला असता. गोऱ्यांचा कोसळला नाही. परत आल्यावर ते आणखी साधे, आणखी विरक्त झाले.

पण शंका? त्या गेल्या का? नाही, आणि या माणसाबद्दल मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. ज्या अनंत नरकावरून विशीत त्यांनी म्यूरला धारेवर धरलं होतं, तोच प्रश्न त्यांचा पाठलाग करत राहिला. 1868 साली त्यांनी याच विषयावरच्या आक्षेपांना उत्तर देणारं पुस्तक लिहिलं. त्यातले आक्षेप एके काळी त्यांचेच होते. चर्चच्या अधिकाराचा आधार हवासा वाटून ते हळूहळू उच्च अँग्लिकन परंपरेकडे सरकले, 1870 साली पाळक झाले, पुण्यात पंचहौद मिशनच्या काउली पाद्रीमंडळींत राहिले. त्या संघात उमेदवार म्हणून दाखल झाले, पण अंतिम व्रतं काही घेतली नाहीत. श्रद्धा आल्यावर चिकित्सक मेंदू गळून पडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी गोऱ्यांकडे पाहावं. मेंदू तोच राहिला, त्याला कामाला लावणारा धनी बदलला.

पुणे-मुंबईत त्यांनी ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजाच्या लोकांशी पुष्कळ वाद केले. त्यांच्या बोलण्यात मोठा आवाज नव्हता, नम्रता होती, असं ऐकणारे सांगत. पंडिता रमाबाई इंग्लंडला जाण्याआधी त्यांना भेटल्या होत्या. रमाबाईंनी 1883 साली वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यांना मुळात हलवलं ते फुलम इथल्या बायकांच्या आश्रमानं. समाजानं टाकलेल्या स्त्रियांना तिथे कुणी टाकलेलं म्हणत नव्हतं, आणि असं का, या प्रश्नाला जोगिणींनी त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पण बुद्धीच्या अंगानं ख्रिस्ताच्या देवत्वाचा गुंता सोडवायला गोऱ्यांच्या लेखनाची मदत झाली, हे त्यांनी स्वतः कृतज्ञतेनं सांगितलं आहे. एक जुना विरोधक दुसऱ्या कठोर चिकित्सक बाईला उपयोगी पडतो, ते तिच्या शंका त्याच्या ओळखीच्या असतात म्हणून.

बदल एकाच दिशेनं झाला असंही नाही. ज्यानं ही ठिणगी टाकली तो म्यूर पुढे संस्कृत ग्रंथांत इतका रमला की त्यांतले मूळ उतारे निवडून त्यानं पाच जाडजूड खंड काढले, 1862 साली एडिंबरा विद्यापीठात संस्कृतच्या अध्यासनाला पैसे दिले, आणि ‘मतपरीक्षे’तला तो ठाम सूर त्याच्या पुढच्या लेखनात उरला नाही. गोऱ्यांना पटवणारा म्यूर होता असं म्हणता येत नाही, पण वादात उतरलेले दोघेही उतरताना होते तसे बाहेर पडले नाहीत.

नेहेम्या गोरे 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत वारले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच मुंबईत कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता, आणि त्यांची बायको आकांत करत होती. लक्ष्मीबाई टिळकांचा विरोध शास्त्रार्थाचा नव्हताच. तो सोवळ्याचा होता, माहेरसासरच्या अब्रूचा होता, टाकून दिल्याच्या दुःखाचा होता. चारेक वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे नगरकडे आल्या तेव्हाही चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्याशी वाद घालून काही साधलं नाही, आणि शहाणपणा असा की फारसा घातलाही नाही. एके दिवशी त्यांच्याच मनात आलं, की पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना वेगळ्या दिसतात, मग माणसांच्या का दिसत नाहीत? म्हणजे जात देवानं केलेली नाही. झालं. यापुढे कुणाच्याही हातचं खाणार, असं त्यांनी सांगून टाकलं. ख्रिस्त अजून आला नव्हता, आधी सोवळं गेलं होतं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळं त्या अशा गमतीनं सांगतात की वाचणाऱ्याला आधी हसू येतं आणि मग त्यांनी किती सोसलं ते कळतं. 1919 साली टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य दहाअकरा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.